जरा ध्यान ठेवजा

"भाऊ, थैलीवर जरा ध्यान ठेवजा, मी आलोच."

हे वाक्य बोलणारा माणूस वाक्य संपायच्या आत दहा पावलं लांब गेलेला असतो. तुम्ही हो म्हणालात की नाही, तुमची गाडी केव्हाची, तुमचा चेहरा चोराचा आहे की साधूचा, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. थैली मात्र तुमच्या पायाशी आलेली असते. आता ती तुमची. निदान जबाबदारीपुरती.

सौंदड ही माझी सासुरवाडी. सडक अर्जुनी तालुक्यातलं गाव. सुरतेकडून नागपूर-रायपूरमार्गे पूर्वेला जाणारा हमरस्ता, म्हणजे जुना ६ नंबरचा आणि आताचा ५३ नंबरचा, इथून जातो. गोंदियाहून वडसा, नागभीडमार्गे बल्लारशाकडे उतरणारी रेल्वेही इथूनच जाते. त्यामुळे गावाला येणाऱ्या-जाणाऱ्यांची कमी नाही. एक अर्जुनी सडकेची आणि एक मोरगावची, यांत गोंधळून भलतीकडेच उतरलेले पाहुणेही अधूनमधून सापडतात. एवढी परकी माणसं पाहायला मिळत असूनही या गावाचा माणसांवरचा विश्वास मोठा आहे. घराला कुलूप लावतात, पण किल्ली तुळशीच्या कुंडीखाली ठेवतात. बरं, ती कुंडीखाली आहे हे शेजाऱ्याला, दूधवाल्याला, पोस्टमनला आणि माझ्यासारख्या वर्षातून दोनदा येणाऱ्या जावयालाही ठाऊक. मी एकदा म्हटलं, "मग कुलूप तरी कशाला लावता?" सासूबाई म्हणाल्या, "कुलूप नसलं तं लोक का म्हनतील?"

गाव सोडून गोंदियाला जायचं ठरलं, की हाच विश्वास उलटा होतो.

आमचे मामाजी, म्हणजे सासरे (विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी हा खुलासा), वर्षातून एकदा दिवाळीच्या खरेदीला गोंदियाला जातात. सोबत पाचशेच्या दहा नोटा. आदल्या रात्री जेवणं झाली की त्या नोटांचं वाटप होतं, आणि पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे ते बघायला बसतात. दोन नोटा बंडीच्या चोरखिशात. दोन पायमोज्यात, डाव्या आणि उजव्या अशा समान. दोन जेवणाच्या डब्यात, पोळ्यांच्या खाली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. दोन सासूबाईंच्या कनवटीला. एक चष्म्याच्या घरात. दहावी नोट कुठे ठेवायची हे मामाजी कोणालाही सांगत नाहीत, आणि सकाळपर्यंत स्वतःही विसरतात.

एवढं झाल्यावर सदऱ्याच्या वरच्या खिशात, अर्धी बाहेर डोकावेल अशी, वीस रुपयांची एक नोट. ती चोराची.

"खिसेकापूले रिकाम्या हातानं धाडलं तं त्याले राग येते जावईबुवा," मामाजी समजावतात, "मंग तो ब्लेड मारते. सदरा फाटते. सदरा तीनशेचा, नोट वीसची. करा हिशोब."

हिशोब चोख आहे. अडचण एवढीच, की गेली अकरा वर्षं ती वीसची नोट संध्याकाळी जशीच्या तशी परत येते. गोंदियाच्या बाजारात, दिवाळीच्या गर्दीत, अर्धी बाहेर डोकावणारी नोट कोणी घेत नाही म्हणजे काय? मामाजी आताशा यावर बोलत नाहीत, पण लागलेलं असतं त्यांना. दहावी नोट मात्र दर वर्षी हरवते. होळीच्या सुमारास स्वेटर पेटीत ठेवताना ती स्वेटरात सापडते.

एकदा मी त्यांच्यासोबत कापडाच्या दुकानात होतो. दोन लुगडी पसंत पडली, भाव ठरला, आणि मामाजी पैसे काढायला लागले. आधी चष्म्याचं घर उघडलं. मग दुकानातल्या गादीवर बसून डावा पायमोजा काढला. मग उजवा. शेजारी बसलेल्या दोन बायका उठून काउंटरच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. मग डबा उघडला. पोळ्या झाकणात काढल्या, खालून पिशवी काढली, पोळ्या परत ठेवल्या. मग सदऱ्याची तीन बटनं सोडून बंडीत हात घातला. नोकराला वाटलं, म्हाताऱ्याला छातीत दुखतंय. तो पाणी घेऊन धावला. सासूबाईंनी भिंतीकडे तोंड केलं आणि कनवटीचं काम सुरू केलं. तोवर दुकानात आणखी पाच-सहा गिऱ्हाइकं जमली होती आणि कोणती नोट कुठून निघते हे सगळी एकाग्रतेनं पाहत होती. परतीच्या वाटेवर यांना लुटायचं कोणी ठरवलंच असतं, तर त्याला नकाशा काढून दिल्यासारखं होतं. मालकानं पायमोज्यातल्या नोटा चिमटीत धरल्या आणि हळूच विचारलं, "काकाजी, फोनपे नाही का?"

"फोन घरी ठेवला," मामाजी म्हणाले. "गर्दीत चोरी जाते."

आजीसासूबाईंची पद्धत जुनी. पदराच्या टोकाला गाठ. ती गाठ त्या अशी आवळतात की सोडायला दात लावावे लागतात. सौंदडला एसटीत बसल्यावर सोडायला घेतली, तर साकोली येईपर्यंत कंडक्टर उभाच. २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट झाली तेव्हा आम्हाला वाटलं, संपली कटकट. पण फुकट प्रवासाला वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड दाखवायचं, आणि आजींनी आधार कार्डही त्याच गाठीत बांधलं. कंडक्टर आता लांबूनच हात जोडतात: "राहू द्या आजी, दिसते वय."

या गाठीला मी हसत असे. पण जुन्या धर्मशास्त्रात डोकावलो आणि गप्प झालो. याज्ञवल्क्यस्मृतीत दोन प्रकारचे चोर जोडीनं येतात: उत्क्षेपक आणि ग्रंथिभेदक. पहिला म्हणजे उचलून पळणारा. दुसरा म्हणजे गाठ कापणारा. कपड्याला खिसा शिवायच्या कितीतरी आधी माणसं पैसे गाठीला बांधत होती आणि चोर गाठी कापत होते. आजच्या खिसेकापूचा हा खापरपणजोबा. मनुस्मृतीनं त्याच्यासाठी पहिल्या वेळी दोन बोटं, दुसऱ्या वेळी हात-पाय आणि तिसऱ्या वेळी जीव, असा चढता दर लावला होता. आता काळ मवाळ झालाय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच हजारांच्या आतली चोरी, चोर पहिल्यांदाच दोषी ठरलेला, आणि माल किंवा त्याची किंमत परत केलेली, असं असेल तर शिक्षा समाजसेवेची. मामाजींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी थोडा विचार केला. मग म्हणाले, "म्हनजे आपल्या मंडईत चप्पल चोरनारा उद्या ग्रामपंचायतीचा झाडू घेऊन आपल्याच दारासमोर दिसन. आपन त्याच्या पायाकडं पाहाचं. आपलीच चप्पल घातली असन तं?"

मंडईचं नाव निघालं आहे तर तिथे थोडं थांबू. पुण्या-मुंबईच्या लोकांना मंडई म्हटलं की कोथिंबीर आठवते. झाडीपट्टीत मंडई म्हणजे जत्रा. भाऊबीजेपासून गावागावांत मंडया भरू लागतात, प्रत्येक गावाचा दिवस वेगळा, म्हणजे पाहुण्यांना सगळीकडे जाता यावं. दिवसा दुकानं, पाळणे, जिलबी, लग्नाळू पोरापोरींची चाचपणी, रात्री नाटक. नाटक कंपन्यांचं आगर वडसा. कंपनी आली की पडदा जो वर जातो तो पहाटेपर्यंत खाली येत नाही. थंडी झोंबत असते, त्यामुळे प्रेक्षक घरून चादरी, ब्लँकेटं, दुपट्टे घेऊन आलेले. मंडपाच्या कडेला शेकडो चपला.

इथे चोरापेक्षा अदलाबदलीची भीती मोठी. पहाटे नायिका मेल्यावर डोळे पुसत उठलेली माणसं अंधारात पाय घालतील त्या चपलेला आपली मानतात. यावर सौंदडच्या माझ्या मेहुण्यानं एक युक्ती काढली. डावी चप्पल मंडपाच्या या टोकाला ठेवायची, उजवी त्या टोकाला. एकट्या चपलेला कोण हात लावणार? तर्क बिनतोड होता. नाटक संपल्यावर डावी लगेच सापडली. उजवी शोधायला गेला तर तिथे त्याच युक्तीच्या आणखी अकरा उजव्या चपला पडलेल्या, आणि अकरा माणसं एका पायावर उभी. मामाजी यावर म्हणतात की चप्पल बुडाखाली घेऊन बसणं सगळ्यात बरं. ते बरंच आहे, पण तिसऱ्या अंकापर्यंत चपलेचा आकार कायमचा बदलतो. आपलाही.

मंडईतली खरी गंमत लाउडस्पीकरवर असते. नाटकाच्या मध्यंतरात माईकवर कोणीतरी सांगतं, "प्रेक्षकांनी आपापलं पाकीट, मोबाईल सांभाळावं." लगेच दोन-तीनशे हात दोन-तीनशे जागी जातात. कोणाचा मागच्या खिशावर, कोणाचा छातीवर, कोणाचा कमरेवर. एका आजोबांचा तर डोक्यावरच्या टोपीवर. मागे उभं राहून पाहिलं की अख्ख्या गावाची तिजोरी कुठे-कुठे आहे हे अर्ध्या मिनिटात कळतं. मला चोरी करायची नव्हती, पण टोपीतल्या पैशांचं कुतूहल मात्र अजून गेलेलं नाही.

मोबाईलचं मात्र खरंच नुकसान होतं. एकदा आमच्या मेहुण्याचा मंडईतच गेला. पुढचं त्याला कोणीतरी नीट सांगितलं: पोलिसांत तक्रार दे, मग केंद्र सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर फोनचा आयएमईआय नंबर टाक, फोन बंद पाडता येतो. २०२३ च्या मे महिन्यापासून ही सोय देशभर आहे. आयएमईआय म्हणजे फोनचा पंधरा आकडी जन्मनंबर. कुठल्याही फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की दिसतो. मेहुण्याला हे आधीच ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी कुठल्याशा व्याख्यानात ऐकून त्यानं तो नंबर काळजीपूर्वक लिहूनही ठेवला होता. फोनमध्येच. शेवटी फोनचा खोका आठवला, त्यावर नंबर असतो. खोक्यात सासूबाईंनी सुया-बटनं ठेवली होती, आणि खोका ठेवला होता कपाटात, जिथून तो कोणी चोरू नये म्हणून कपाटाला कुलूप होतं. किल्ली कुंडीखाली.

आता रेल्वेकडे येऊ, कारण मूळ वाक्य तिथलं आहे.

रेल्वे कायदा १९८९ मध्ये शंभरावं कलम आहे. त्याचा मथितार्थ असा, की सामान रेल्वेकडे रीतसर बुक करून पावती घेतली असेल तर त्याची काळजी रेल्वेची. तुम्ही स्वतःसोबत घेऊन बसलात तर ते तुमचं. रेल्वेच्या माणसाचा निष्काळजीपणा सिद्ध झाला तर गोष्ट निराळी. सौंदडच्या प्रवाशांनी हे कलम वाचलेलं नाही, पण ते त्याचं पालन मात्र पूर्ण करतात. पावती न घेता सामान शेजारच्या प्रवाशाकडे बुक करतात.

हे बुकिंग कसं होतं, याचा मी काही वर्षं अभ्यास केला आहे. राखणदार निवडताना लोक आधी डबा बघतात. जेवत बसलेला माणूस हमखास निवडला जातो. हात खरकटे, पळणार कुठे? मग चष्मा बघतात. चष्मा असलेला माणूस शिकलेला, म्हणजे सरळ, हा समज अजून टिकून आहे. सोबत लेकरू असेल तर थैलीच काय, दागिन्यांचा डबाही सोपवतील. पांढरे केस असतील तर प्रश्नच नाही. मला चष्मा आहे, केस पांढरे होत आले आहेत, आणि स्टेशनवर मी नेहमी काहीतरी खात असतो. माझ्या पायाशी थैल्यांचा ढीग का जमतो, हे वाचकांच्या लक्षात आलं असेल.

यात एक कडू भाग आहे. ज्याला राखायला देत नाही, त्याच्याकडे आपण कोणत्या नजरेनं बघतो? इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून पुढे अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये गेला. नजर गेली नाही. गोंदिया स्टेशनवर एकदा मळक्या कपड्यांतला एक माणूस बाकावर येऊन बसला आणि मी माझी बॅग नकळत स्वतःकडे ओढली. त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं, माझ्या चष्म्याकडे, पांढऱ्या केसांकडे, इस्त्रीच्या सदऱ्याकडे. आणि त्यानंही आपलं बोचकं स्वतःकडे ओढून घेतलं. मग गाडी येईपर्यंत आम्ही दोघं आपापल्या सामानावर हात ठेवून बसून राहिलो.

आपलं सामान दुसऱ्याच्या हाती देण्याची परंपरा तशी फार जुनी आहे. शूद्रकाच्या 'मृच्छकटिक'मध्ये वसंतसेनेनं दागिन्यांचा डबा चारुदत्ताकडे सांभाळायला ठेवला. चारुदत्तानं तो मैत्रेयाकडे दिला. मैत्रेय तो उशाशी घेऊन झोपला. शर्विलक नावाचा चोर भिंत फोडून आत आला, तर मैत्रेयानं झोपेतच, चारुदत्त समजून, तो डबा स्वतःच्या हातानं चोराला दिला. मराठी माणूस हे नाटक एकोणिसाव्या शतकापासून संगीतासह बघतोय, आणि मैत्रेयाला हसतोय. मी हसत नाही. मला मैत्रेयाची दया येते. डबा सांभाळायला सांगताना त्याला कोणी विचारलं होतं, "तुला झोप आली आहे का?"

तर गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. मंडई आटोपून मी परत निघालो होतो. सकाळची वेळ, गोंदियाकडची गाडी यायला पाऊण तास. सोबत सासूबाईंनी दिलेली पिशवी: नव्या धानाचे तांदूळ, लाखोळीची डाळ, आणि मला न आवडणारं एक लोणचं. एका हातात चिवड्याचा पुडा. चष्मा, केस, चिवडा. सगळी लक्षणं जमून आलेली.

साठीचे एक गृहस्थ समोर आले. खांद्यावर दुपट्टा, हातात भलीमोठी रेक्झिनची बॅग, वर एक चुंगडी. दोन्ही माझ्या पायाशी ठेवली.

"भाऊ, जरा ध्यान ठेवजा, मी आलोच."

मी तोंडातला चिवडा गिळेपर्यंत दुपट्टा फाटकाबाहेर गेला होता.

दहा मिनिटं गेली. वीस गेली. मी त्या बॅगेकडे बघत होतो आणि बॅग माझ्याकडे. मोठ्या स्टेशनांवर दिवसभर सांगत असतात, बेवारस वस्तूला हात लावू नका. ही बेवारस होती का? वारस तर मी होतो. चुंगडीत काहीतरी हललं असं मला वाटलं. कोंबडी? की माझा भास? बाजूच्या बाईला विचारावंसं वाटलं, पण काय विचारणार? "या माझ्या चुंगडीत काय आहे हो?"

अर्धा तास. गाडीचा सिग्नल झाला. माणसं उठून फलाटाच्या कडेला सरकली. मी बाकावरून उठलो, चार पावलं गेलो आणि परत येऊन बसलो. बाजूच्या बाईला म्हणावं, जरा ध्यान ठेवजा? पण ती त्याच गाडीनं जाणार होती. बॅग घेऊनच गाडीत चढलो तर मी चोर. टाकून चढलो तर विश्वासघातकी. गाडी आली. थांबली. दारात उभ्या असलेल्या पोरानं मला विचारलंसुद्धा, "काकाजी, येत नाई का?" गाडी गेली. फलाटावर मी, एक बॅग, एक चुंगडी आणि एक कुत्रं उरलो. कुत्र्याचं ध्यान चिवड्यावर होतं.

गाडीचा आवाज पुरता विरल्यावर फाटकातून दुपट्टा आला. सावकाश. दात कोरत. कोणी ओळखीचा भेटला, त्यानं आग्रह केला, नाश्ता झाला, चहा झाला. माझ्याजवळ येऊन त्यांनी आधी चुंगडीची गाठ तपासली. मग खाली बसून बॅगेची चेन उघडली आणि आतलं एकेक बाहेर काढून मोजायला लागले. दोन लुगडी. तीन सदरे. टॉर्च. औषधाची पिशवी. एक स्टीलचा गंज. मग परत मोजलं. मधे एकदा मान वर करून माझ्याकडे, आणि माझ्या पिशवीकडे, जरा वेळ पाहिलं.

"बरोबर आहे ना?" मी विचारलं. माझा आवाज अपराध्यासारखा निघाला, ते माझं मलाच ऐकू आलं.

"हो, हाये तं सारं," ते म्हणाले, पण पूर्ण खात्री झालेली नव्हती. टॉर्च लावून बघितला. "तुमी कोठी चालले?"

"गोंदियाला. आत्ताची गाडी होती."

"हात्तिच्या! मंग चढले काहून नाई?"

यावर काय उत्तर देणार? मी चिवड्याच्या रिकाम्या पुड्याची घडी घालत राहिलो. त्यांनी बॅग बंद केली, माझ्या शेजारी ऐसपैस बसले, आणि त्यांना माझी दया आली असावी.

"मले वडशाकडं जाचं हाये, माझ्या गाडीले लय टाइम हाये," ते म्हणाले. "तुमी चहा घेतला नसन. जा, घेऊन या. तुमच्या थैलीवर मी ध्यान ठेवतो."

मी पिशवी उचलली, काखेत घट्ट धरली, आणि चहाला गेलो.